वहिवाट आणि मालकी

इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यातला किंडर स्काउट हा डोंगर 636 मीटर उंचीचा आहे. कळसूबाईच्या निम्म्यानेही भरत नाही. माथ्यावर सुळका नाही, शिखर म्हणावे असे टोकही नाही; वर पोहोचल्यावर काळ्या, ओलसर पीट मातीचे पठार लागते आणि त्यावर मैलोन्‌मैल हेदरची झुडपे. या डोंगरावर 24 एप्रिल 1932 रोजी, एका रविवारी, सुमारे चारशे तरुण मुलेमुली ठरवून चढली. बहुतेक जण मँचेस्टर आणि आसपासच्या गिरणगावांतले कामगार होते, त्यांत बेकारही पुष्कळ होते. पुढारी होता बेनी रॉथमन, वय 20. जमीन खासगी होती आणि ती ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेली होती. चढावर शिकारीच्या राखणदारांशी झटापट झाली, एक राखणदार जखमी झाला. मुले पठारावर गेली, दुसऱ्या बाजूने आलेल्या शेफील्डकरांना भेटली आणि गाणी म्हणत हेफील्ड गावात उतरली. तिथे पोलीस वाट पाहत होते.

जुलैमध्ये डर्बीच्या न्यायालयात पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिने. या खटल्यातली एक बाब नव्या अभ्यासकाने सुरुवातीलाच नीट लक्षात घ्यावी. दुसऱ्याच्या जमिनीत शिरल्याबद्दल शिक्षा कोणालाच झाली नाही, कारण नुसते शिरणे हा त्या काळच्या इंग्लंडात फौजदारी गुन्हाच नव्हता. ती दिवाणी बाब होती. मालकाने दावा लावावा, भरपाई मागावी किंवा मनाई हुकूम आणावा. शिक्षा झाली ती दंगा आणि मारहाण या आरोपांखाली. डोंगरपायथ्याशी ठोकलेल्या ‘आत शिराल तर खटला भरू’ अशा पाट्यांना कायद्याचा आधार जवळजवळ नव्हता, तरी त्या पाट्यांनी पिढ्यान्‌पिढ्या माणसांना परत फिरवले. कायदा काय म्हणतो आणि माणसे कशाला भितात, यांतले हे अंतर हाच या अभ्यासक्षेत्राचा पहिला धडा आहे.

डोंगरात चालणारे आणि जमीनमालक यांच्यातल्या वादांचा अभ्यास हे वरवर पाहता लहानसे, हौशी माणसांचे क्षेत्र वाटते. जवळ गेले की त्यात कायद्याचा इतिहास सापडतो, शेतीचा अर्थशास्त्रीय इतिहास सापडतो, कामगार चळवळ सापडते, वनस्पतिशास्त्र सापडते आणि नकाशांचे राजकारणही सापडते. या क्षेत्रात येण्यासाठी वकील असावे लागत नाही. ज्याने कधी बांधावरून चालताना ‘इथून जायचं नाही’ हे शब्द ऐकले आहेत, त्याच्याजवळ निम्मी तयारी आहे. मराठी वाचकाजवळ तर आणखी एक शिदोरी आहे, तिच्याकडे पुढे येईन.

ब्रिटनमधून सुरुवात करण्याचे कारण सरळ आहे. इतका जुना, इतका दस्तऐवजांनी भरलेला आणि अजूनही न मिटलेला वाद दुसरीकडे क्वचित सापडेल. त्याची मुळे सामायिक जमिनींना कुंपणे पडली त्या काळात आहेत. 1604 ते 1914 या काळात ब्रिटिश संसदेने अशा कुंपणबंदीचे 5,200 हून अधिक कायदे केले आणि त्यांतून सुमारे 68 लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एक पंचमांशाहून थोडी जास्त जमीन, गावाच्या सामायिक वापरातून खासगी मालकीत गेली. जिथे गावाची गुरे चरत, लोक सरपण आणि पीट आणत, तिथे फाटक आले. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडच्या डोंगराळ माळांना नवे मोल आले ते शिकारीमुळे. 12 ऑगस्टला ग्राउसचा हंगाम सुरू होतो आणि 10 डिसेंबरला संपतो. या चार महिन्यांसाठी डोंगर वर्षभर जपायचा, हेदर ठरावीक क्रमाने जाळून कोवळे फुटवे आणायचे, घरट्यांजवळ माणूस फिरकू द्यायचा नाही. स्कॉटलंडमध्ये हेच हरणांच्या शिकारीसाठी झाले.

या इतिहासाकडे पाहण्याची एक लोकप्रिय रीत आहे: एका बाजूला निसर्गप्रेमी, दुसऱ्या बाजूला जमीनदार. ही मांडणी मला अपुरी वाटते. माझे म्हणणे असे की, डोंगरात मौजेने चालणाऱ्याचा हक्क जिथे जिथे टिकला, तिथे तो बहुधा त्याच्या आधी पोटासाठी चाललेल्या माणसांच्या पावलांवर टिकला. मेंढपाळ, खाणकामगार, पीट काढणारे, चर्चला जाणारी कुटुंबे, बाजाराला निघालेल्या बाया. आधी काम चालत गेले, विरंगुळा मागून आला.

याचे सर्वांत बोलके उदाहरण स्कॉटलंडमधल्या ग्लेन डॉलचे आहे. ऑस्ट्रेलियात पैसा मिळवून परतलेल्या डंकन मॅकफर्सन नावाच्या गृहस्थाने या खोऱ्यातली जमीन विकत घेतली आणि तिथून ब्रेमारकडे जाणारी डोंगरवाट बंद केली. स्कॉटलंडमध्ये वाटांच्या हक्कांसाठी 1845 पासून एक संस्था काम करत होती. ती पुढे आली आणि प्रकरण न्यायालयात गेले. साक्षीला कोण आले? निसर्गाची वर्णने करणारे प्रवासी नव्हेत. आले म्हातारे मेंढपाळ, ज्यांनी त्या वाटेने मेंढ्यांचे कळप बाजाराला हाकले होते. कळप कुठून नेला, कुठे थांबलो, कोणी अडवले का, हे त्यांनी शपथेवर सांगितले. 1888 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने वाट सार्वजनिक ठरवली. खर्चाने दोन्ही बाजू खचल्या. पण आज त्या वाटेने पाठीवर पिशवी टाकून जाणारा प्रत्येक जण त्या मेंढपाळांच्या साक्षीवरून चालतो आहे. या क्षेत्रातल्या कुठल्याही निवाड्याने मला इतके हलवलेले नाही.

त्याआधी चाळीस वर्षे, 1847 मध्ये, एडिंबरोचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन हटन बाल्फर विद्यार्थ्यांना घेऊन ग्लेन टिल्टमधून उतरत असताना ड्यूक ऑफ अॅथॉलने आपल्या माणसांसह त्यांना अडवले होते. तिथेही वाट अखेर खुली राहिली. अभ्यासासाठी चालणे हेही काम आहे, हे त्या प्रसंगाने दाखवले. संशोधक म्हणून मला तो प्रसंग जवळचा वाटतो.

उलट बाजूचे उदाहरण बोल्टनजवळच्या विंटर हिलचे. तिथला जमीनमालक कर्नल एन्सवर्थ याने कोल पिट रोड नावाची वाट बंद केली. कोळशाच्या खाणीकडे जाणारी वाट, हे तिच्या नावातच आहे. 6 सप्टेंबर 1896 च्या रविवारी सुमारे दहा हजार लोक फाटक मोडून वर गेले. किंडरच्या पंचवीस पट लोक! तरीही पुढच्या वर्षी न्यायालयात ते हरले, आणि ती वाट अधिकृतपणे खुली व्हायला शंभर वर्षे जावी लागली. दहा हजार माणसांची मिरवणूक आणि मोजक्या मेंढपाळांची साक्ष यांत न्यायालयाने कशाला वजन दिले, हे या दोन प्रकरणांच्या तुलनेतून समजते. चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ही तुलना टाळू नये.

कायद्याच्या बाजूने आणखी एक निवाडा सुरुवातीलाच वाचावा असा आहे: 1893 चा हॅरिसन विरुद्ध ड्यूक ऑफ रटलंड. हॅरिसन नावाचा माणूस ड्यूकच्या ग्राउसच्या माळावरून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावर उभा राहिला आणि रुमाल हलवून, छत्री उघडून पक्ष्यांना बिथरवू लागला. राखणदारांनी त्याला जमिनीवर दाबून धरले. त्याने मारहाणीचा दावा लावला. न्यायालयाने म्हटले की रस्ता जाण्यायेण्यासाठी आहे. दुसऱ्या हेतूने त्यावर थांबणारा माणूस त्या क्षणी अतिक्रमण करणारा ठरतो. म्हणजे रस्ता सार्वजनिक असला तरी खालची माती ड्यूकचीच. ‘मी इथून जाऊ शकतो का’ या प्रश्नापाठोपाठ ‘मी इथे थांबू शकतो का, बसू शकतो का, झोपू शकतो का’ असे प्रश्न येतात, आणि एकविसाव्या शतकातले वाद नेमके तिथेच पोहोचले आहेत.

डेव्हन परगण्यातल्या डार्टमूरचेच पाहा. तिथल्या सामायिक माळांवर ‘पायी आणि घोड्यावरून, मोकळ्या हवेतल्या विरंगुळ्यासाठी’ जाण्याचा हक्क 1985 च्या कायद्याने लोकांना मिळाला होता. पाठीवरच्या छोट्या तंबूत एक रात्र काढणे हा त्या विरंगुळ्याचा भाग आहे की नाही, यावर एका जमीनमालक दांपत्याने दावा लावला. जानेवारी 2023 मध्ये उच्च न्यायालयाने नाही म्हटले. त्याच महिन्यात हजारो लोक माळावर जमले. जुलैमध्ये अपील न्यायालयाने निर्णय उलटवला आणि 21 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने लोकांच्या बाजूने निकाल दिला. झोप हा विरंगुळा आहे का, यावर न्यायमूर्तींनी गंभीरपणे विचार केला. तो प्रश्न क्षुल्लक नाही. लांबच्या डोंगरात चालणाऱ्याला रात्र कुठे तरी काढावीच लागते, आणि मुक्कामाचा हक्क नसेल तर चालण्याचा हक्क गाडीतळापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर संपतो.

किंडर ते डार्टमूर या काळात कायदा कुठून कुठे आला, ते थोडक्यात सांगतो. जेम्स ब्राइस यांनी 1884 मध्ये स्कॉटलंडच्या डोंगरांत लोकांना मुक्त प्रवेश देणारे विधेयक मांडले. ते आणि त्यानंतरची विधेयके पडत गेली. 1939 मध्ये कायदा झाला, पण संसदेत त्याची इतकी मोडतोड झाली की काही परिस्थितींत डोंगरावर शिरणे हा गुन्हाच ठरला असता. तो कधी अमलात आला नाही. खरा पाया 1949 च्या कायद्याने घातला: राष्ट्रीय उद्याने, प्रवेशाचे करार, आणि प्रत्येक परगण्याने सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा तयार करण्याची सक्ती. 1951 मध्ये पहिले राष्ट्रीय उद्यान झाले ते पीक डिस्ट्रिक्ट, म्हणजे किंडरचाच प्रदेश. टॉम स्टीव्हन्सन यांनी 1935 मध्ये वृत्तपत्रातून मागितलेली पेनाइन वे ही लांब पल्ल्याची वाट 24 एप्रिल 1965 रोजी सुरू झाली, तारीख किंडरचीच. 2000 च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या डोंगर, मूर व हीथ नावाचे झुडपी माळ आणि नोंदलेल्या सामायिक जमिनींवर वाट सोडूनही चालण्याचा हक्क दिला. इंग्लंडच्या सुमारे आठ टक्के भूमीला तो लागू होतो. स्कॉटलंड 2003 च्या कायद्याने फार पुढे गेला: घराभोवतीचे आवार, उभी पिके अशा जागा सोडल्या तर जवळजवळ सगळीकडे, जबाबदारीने वागण्याच्या अटीवर, चालता येते आणि तंबूही ठोकता येतो.

2002 मध्ये किंडरच्या घटनेला सत्तर वर्षे झाली, तेव्हा त्या जमिनीच्या त्या काळच्या मालक घराण्यातल्या, डेव्हनशायरच्या अकराव्या ड्यूकने आजोबांच्या काळात घडलेल्या त्या प्रकाराबद्दल जाहीर माफी मागितली. रॉथमन त्याच वर्षी जानेवारीत वारले होते.

किंडरला दिले जाणारे श्रेय मात्र वादाचे आहे आणि विद्यार्थ्याने दोन्ही बाजू वाचाव्यात. त्या काळच्या जुन्या पदभ्रमण संघांचा रॉथमनच्या मोहिमेला विरोध होता. आपण वर्षानुवर्षे मालकांशी जपून वाटाघाटी करतो आहोत आणि ही पोरे त्यावर पाणी ओततील, असे त्यांना वाटे. स्टीव्हन्सन यांनीही पुढे लिहिताना या मोहिमेला फार महत्त्व दिले नाही. रॉथमन यांनी 1982 मध्ये आपली बाजू पुस्तकात मांडली. माझे मत असे की कायदा घडवला तो चिकाटीने बैठका घेणाऱ्यांनी; पण त्यांच्या कामाकडे देशाचे लक्ष वळले ते पाच तरुण तुरुंगात गेल्यामुळे, कारण शिक्षा ऐकून चळवळीचे विरोधकही अस्वस्थ झाले.

आता मालकांची बाजू. ती ऐकल्याशिवाय हा अभ्यास प्रचार होऊन बसेल. मेंढ्या व्यायच्या हंगामात मोकळा सुटलेला कुत्रा काय करतो, हे पाहिलेला शेतकरी चालणाऱ्याकडे प्रेमाने पाहणार नाही. उघडे राहिलेले फाटक म्हणजे दोन कळपांची सरमिसळ आणि दिवसभराची धावपळ. 2000 च्या कायद्यात म्हणूनच 1 मार्च ते 31 जुलै कुत्रा दोरीला बांधलेला असण्याची अट आहे आणि मालकाला वर्षात 28 दिवसांपर्यंत प्रवेश थांबवण्याची मुभा आहे. 2001 मध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली, तेव्हा देशभरातल्या वाटा बंद झाल्या आणि साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. डोंगराळ भागातले मुक्कामाचे धंदे, चहाची दुकाने बसली. चालणारा हा खेड्याला त्रास आहे असे समजणाऱ्यांना त्या वर्षी कळले की तो खेड्याच्या मिळकतीचाही भाग आहे. आणि चालणाऱ्यांनाही कळले की पायाखालची जमीन कोणाची तरी उपजीविका आहे.

आयर्लंडमध्ये तर चित्रच बदलते. तिथे डोंगरात मुक्त फिरण्याचा सर्वसाधारण हक्क नाही. बहुतेक डोंगर खासगी किंवा काही शेतकऱ्यांच्या सामायिक मालकीचे आहेत. पण हा मालक ड्यूक नव्हे. त्याच्या पणजोबाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जमीनदाराशी झगडून ती जमीन मिळवलेली असते. त्याच्या दृष्टीने ‘ही जमीन सगळ्यांची’ हे वाक्य धोक्याचे आहे. स्लायगोतल्या लिसाडेल इस्टेटीतल्या वाटांच्या खटल्यात 2013 मध्ये आयरिश सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा निकाल बराचसा फिरवला: सार्वजनिक वापर पुष्कळ असला तरी मालकाने ती वाट लोकांना अर्पण केली होती असा निष्कर्ष आपोआप निघत नाही. शेजाऱ्याला सौजन्याने जाऊ देणे आणि हक्क देणे यांतली ही रेषा आयर्लंडच्या खेड्यांत फार जपली जाते. जमीनदार वाईट आणि चालणारा चांगला, हे सूत्र इंग्लंडमधून उचलून आयर्लंडला लावले की अभ्यास फसतो.

मराठी वाचकाच्या ज्या शिदोरीचा उल्लेख वर केला ती म्हणजे वहिवाटीचा अनुभव. इंग्लंडमध्ये 1932 च्याच एका कायद्याने वीस वर्षांच्या अखंड, उघड, विनापरवानगी वापरावरून सार्वजनिक वाटेचे गृहीतक मान्य केले. आपल्याकडे 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातही वीस वर्षांची मुदत आहे, आणि वापर शांतपणे, उघडपणे, हक्क म्हणून झालेला असावा ही अटही आहे. 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली आजही तहसीलदाराकडे रस्ता अडवल्याचे अर्ज येतात. जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून वाट मागता येते. पाणंद, शिवरस्ता, गाडीवाट यांवरून भाऊबंदकी न झालेले गाव शोधावे लागेल. गाव नकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. ब्रिटनमधल्या परगण्यांचे वाटांचे अधिकृत नकाशे पाहणाऱ्याला ही खूण लगेच ओळखीची वाटेल.

पण एक मोठा फरक आहे आणि संशोधनाला जागा तिथेच आहे. आपला वहिवाटीचा कायदा प्रामुख्याने ज्याला शेत आहे त्याच्यासाठी आहे. स्वतःच्या शेतापर्यंत पोहोचायला दुसऱ्याच्या शेतातून जाण्याचा हा हक्क असतो. राजगडावर किंवा हरिश्चंद्रगडावर निघालेल्या माणसाचे त्या परिसरात शेत नसते. तो ज्या वाटेने चढतो ती कुठे वनखात्याच्या जमिनीतून, कुठे कोणाच्या मालकीच्या नाचणीच्या वावरातून जाते, आणि पुष्कळदा ती धनगरांनी, गवळ्यांनी, मोळी आणणाऱ्या बायांनी पाडलेली असते. केवळ चालण्यासाठी डोंगरात जाण्याचा सर्वसाधारण हक्क देणारा ब्रिटनसारखा कायदा महाराष्ट्रात नाही. परवानगी, रूढी आणि गावकऱ्यांचा भलेपणा यांवर सगळे चालते. पायथ्याच्या जमिनी विकल्या जाऊन कुंपणे पडतात, तेव्हा गिर्यारोहक तक्रार करतो ती आपली वाट गेल्याची. त्याच कुंपणाने धनगरवाड्याची पाण्याची वाटही तोडलेली असते, आणि हक्क सिद्ध करण्याइतका वापर खरे तर त्या वाड्याचा असतो. ग्लेन डॉलमधल्या मेंढपाळांप्रमाणे साक्ष देऊ शकतील अशी माणसे अजून आहेत. त्यांच्या वाटा, त्यांच्या तोंडून, तारखा आणि खुणांसह नोंदवून ठेवणे हे काम आजच्या मराठी अभ्यासकाला करता येण्यासारखे आहे, आणि ते या पिढीतच करावे लागेल.

सुरुवात कुठून करावी, असे विद्यार्थी विचारतात. मी ग्लेन डॉलच्या निवाड्याचे नाव घेतो, मग हॅरिसनचे, मग डार्टमूरचे. त्यानंतर मॅरियन शोर्ड यांची पुस्तके वाचावीत. त्यांनी मालकी आणि प्रवेश या प्रश्नाची मांडणी निर्भीडपणे केली आहे. ई. पी. टॉम्पसन यांचे रूढीगत हक्कांवरचे लेखन थोडे जड आहे, पण रूढी हा दुबळ्यांचा दस्तऐवज कसा असतो हे त्यांच्याइतके कोणी दाखवलेले नाही. आणि याच्या जोडीने आपल्या तालुक्याच्या कचेरीत जाऊन रस्ता अडवल्याच्या एखाद्या जुन्या प्रकरणाची नक्कल मागावी. पंचनामा, शेजाऱ्यांचे जबाब, हातकच्चा नकाशा, बांधावरच्या झाडांच्या खुणा, असे सगळे त्यात सापडेल. जबाब वाचताना प्रत्येक साक्षीदार त्या वाटेने कशासाठी जात होता, ते समासात लिहून ठेवावे.